खंबीर नायिका काढताय? रोमान्स मांगातल्या या चुका टाळा

"ताई, माझी नायिका एकदम स्ट्राँग आहे," असं म्हणत कुणी वही पुढे केली की मी आधी चौथं-पाचवं पान उघडते. तिथे बहुतेक वेळा थप्पड असते. नायकाचा चेहरा एका बाजूला फिरलेला, मागे काचेला तडे जावेत तशा रेषा आणि चौकटीच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'फाट्'. चित्र अनेकदा फार सुंदर काढलेलं असतं. म्हणूनच जीव तुटतो.

मी पुण्यात जपानी शिकले ती शोजो मांगा मूळ भाषेत वाचता यावा म्हणून. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि शोजो म्हणजे त्यातल्या मुलींच्या मासिकांतून क्रमशः येणाऱ्या. 'मार्गारेट', 'हाना तो युमे', 'लाला' ही त्यातली काही मासिकं. या कथांत प्रेम असतंच, पण खमक्या मुलीही गेली सत्तर वर्षं आहेत. ओसामु तेझुकांनी १९५३ मध्ये 'रिबन नो किशी' सुरू केली. तिची नायिका सफायर ही राजपुत्र म्हणून वाढवलेली राजकन्या, कारण त्या राज्यात गादीवर मुलगाच बसू शकत होता. तेव्हापासून एवढी मोठी शिदोरी आपल्यासमोर उघडी आहे आणि आमची मुलं त्यातून उचलतात काय, तर तलवार, कापलेले केस आणि थप्पड. शनिवारी दुपारी माझ्याकडे आठ-दहा जण आपापली पानं घेऊन येतात. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून आता लिहूनच काढते.

थप्पड मारते म्हणून खंबीर

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून हिच्याबद्दल जरा विस्ताराने.

दोन वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी बत्तीस पानं घेऊन आली. कच्ची नाही, शाईत केलेली, छटांसाठी स्क्रीनटोन म्हणजे ठिपक्यांचे छापील कागद चिकटवलेली. चार महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. नायिका कबड्डीची कॅप्टन. चढाईची पानं अशी की बोनस रेषेवर टेकलेली पायाची बोटं बघून माझ्याच पोटरीत गोळा आला. नायक पैसेवाल्याच्या घरचा, तोंडाळ. नायिका त्याला चौथ्या, अकराव्या आणि तेविसाव्या पानावर थोबाडीत देते.

आता गोष्ट बघा. नायिकेचे वडील तिला राज्य निवड चाचणीला पाठवायला तयार नाहीत. नायक त्यांना जाऊन भेटतो आणि पटवतो. फॉर्म हरवतो, तो नायक शोधून आणतो. एसटी चुकते, नायकाची गाडी येते. 'माझ्या आयुष्यात लुडबुड करू नकोस' म्हणून ती त्याला मारते आणि एकोणतिसाव्या पानावर त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडते.

माझी एक जुनी सवय आहे. पाठकोरा कागद घ्यायचा, पेन्सिलीने तीन रकाने आखायचे: ती, तो, योगायोग. गोष्टीला जिथे जिथे वळण मिळतं तिथे ते कुणामुळे मिळालं त्या रकान्यात एक रेघ. त्या दिवशी कागदावर 'तो'खाली पाच रेघा आल्या, 'योगायोग'खाली दोन. 'ती'चा रकाना कोरा.

मुलगी कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण ताई, ती त्याला तीनदा मारते."

मी तिन्ही चौकटींवर अंगठा ठेवून तिला गोष्ट परत वाचायला लावली. थपडा झाकल्या तरी गोष्ट जशीच्या तशी चालत होती. तिच्या लक्षात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, कारण ही पानं शाईत जाण्याआधी मी बघायला हवी होती. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: शाई नंतर, आधी 'नेम'. जपानमध्ये पानाच्या कच्च्या आराखड्याला नेम म्हणतात. चौकटी, ठोकळ्यासारखी माणसं, फुग्यांतले संवाद, सगळं पेन्सिलीत. तो संपादकाला दाखवायचा, तो परत करायला सांगेल, मग परत करायचा. नावाजलेल्या चित्रकारांचेही नेम परत येतात. आणि इथे पहिलीच गोष्ट करणारे मला सांगतात, "डायरेक्ट फायनलच करतो, वेळ वाचतो." वेळ वाचत नाही. त्या मुलीचे चार महिने गेले.

तिने गोष्ट पुन्हा केली. वडिलांची पिठाची गिरणी आहे, हे पहिल्या खर्ड्यात एका चौकटीपुरतं होतं. नव्या खर्ड्यात नायिका स्वतः गिरणीत जाते. पट्टा फिरतोय, आवाजात काही ऐकू येत नाही, डबे घेऊन बायका रांगेत उभ्या. ती दोनदा "अण्णा" म्हणते, अण्णांना ऐकू जात नाही, की जातं आणि ते मान वर करत नाहीत, ते कळत नाही. पुढच्या चौकटीत फक्त तिचा हात आणि भिंतीवरचा मोठा खटका. त्याखाली पान भर रुंदीची निःशब्द चौकट: गिरणी बंद, हवेत पीठ तरंगतंय, रांगेतल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघतायत. अण्णा म्हणतात, "चालू कर." ती म्हणते, "आधी ऐका." आवाज चढवलेला नाही, साधा लहान फुगा आहे. त्यानंतर अकरा दिवस बाप तिच्याशी बोलत नाही, आणि ते अकरा दिवस तिने जेवणाच्या ताटांतून दाखवलेत.

थप्पड एकही उरली नाही. तिने स्वतःहूनच काढल्या.

या चुकीचं मूळ मला वाटतं योको कामिओंच्या 'हाना योरी दांगो'च्या उथळ वाचनात आहे. १९९२ मध्ये 'मार्गारेट'मध्ये सुरू झालेली ही कथा, ३७ खंड, त्यावर किती देशांत मालिका निघाल्या. त्यातली माकिनो त्सुकुशी शाळेतल्या सगळ्यात दांडग्या पोरावर, दोम्योजीवर उलटते, तेवढंच लोकांच्या डोक्यात राहतं. त्याआधीचं कुणी बघत नाही. ती गरीब घरची, अतिश्रीमंतांच्या एइतोकु शाळेत मान खाली घालून दिवस काढणारी, कसंतरी पास होऊन बाहेर पडू म्हणणारी. मैत्रिणीसाठी तोंड उघडते, तिला दोम्योजीच्या टोळक्याची लाल चिठ्ठी मिळते आणि सगळी शाळा तिच्यावर तुटून पडते. ती उलटते ते हे सगळं सोसत असताना, पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असताना. आणि तिचा खरा कणा दिसतो पुष्कळ पुढे. दोम्योजीची आई तिच्या मित्र-मैत्रिणींच्या घरांच्या पोटावर पाय आणते, तेव्हा माकिनो त्याला सोडून पावसात चालू लागते. हात उगारत नाही. निर्णय तिचा, आणि त्याची किंमतही तीच मोजते. त्सुकुशी म्हणजे वसंतात रस्त्याकडेला उगवणारं एक रानटी रोप. कुणी लावत नाही, तरी येतं. नाव ठेवतानाच लेखिकेने सगळं सांगून टाकलंय.

केस कापले की बदलली

'आकात्सुकी नो योना' २००९ पासून 'हाना तो युमे'मध्ये आली आणि त्यानंतर माझ्याकडच्या वह्यांतल्या मुलींनी वेण्या कापायला सुरुवात केली. ते दृश्य मला पाठ आहे. सोळाव्या वाढदिवशी योनाच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाचा खून होतो, आणि तोही ज्याच्यावर तिचा जीव जडलाय त्याच्या हातून. हाक या आपल्या अंगरक्षकाबरोबर ती पळते. कड्याच्या टोकावर हाक जखमी, आणि शत्रूने तिचे लांब लाल केस मुठीत धरून तिला मागे खेचलंय. ती तलवारीने केस कापते आणि हाककडे धावते. केस हीच तिला धरून ठेवणारी दोरी होती. ती तिने तोडली.

सोराता आकिझुकींच्या 'आकागामी नो शिरायुकीहिमे'मध्येही शिरायुकी केस कापते. राजपुत्राला ती नको असते, तिच्या दुर्मीळ लाल केसांसाठी ती हवी असते. ती केस कापून मागे ठेवते आणि रातोरात देश सोडते. हवं होतं ते घ्या, मी निघाले.

दोन्ही ठिकाणी केसांना कुणीतरी हात घातलाय. आमच्याकडच्या गोष्टीत मुलगी बारावीत नापास होते आणि आरशासमोर कात्री घेते. का? कुणाच्या मुठीत होते तिचे केस? जपानी वाचकाला प्रेमभंगानंतर केस कापणं हा संकेत ओळखीचा आहे, त्यामुळे तिथे अर्धं काम आधीच झालेलं असतं. आपल्याकडे तसं नाही. एका मुलाने वाड्यात घडणारी गोष्ट काढली होती, त्यात नायिका तुळशीवृंदावनापाशी लांब वेणी कापते. त्याच्या आजीने पान पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं रे तिचं?"

मुलगा गोंधळला. मला मात्र आजींचं लगेच कळलं. ज्या घरात पणजीचं केशवपन झालेलं लोकांनी पाहिलंय, त्या घरात कापलेले केस म्हणजे मोकळीक नाही. मराठी अंगणात हे दृश्य आणायचं असेल तर तो इतिहास डोळ्यांसमोर ठेवून आणा. तसं आणलं तर फार मोठं काहीतरी हाती लागेल, आणि कुणी तसं करून आणावं याची मी वाट बघतेय. नुसतं योनाचं आवडलं म्हणून उचलू नका.

आणि योनाबद्दल आणखी एक. केस कापल्यावर ती लगेच लढवय्यी होत नाही. बापाला शस्त्रांचा तिटकारा, त्याने तिला कधी हात लावू दिलेला नाही. ती हाककडून धनुष्य शिकते, रात्री सगळे झोपल्यावर सराव करते. पुढे आवा बंदरात मुली विकणाऱ्या कुमजीवर ती बाण सोडते, तोवर आपण तिची बोटं सोलवटलेली पाहिलेली असतात. नवशिक्यांना ही मधली पानं नको असतात. "बोअर होतं ताई, एक ट्रेनिंगची चौकट टाकतो ना." एका चौकटीत कुणी शिकत नाही. तुम्ही स्वतः हात काढायला किती वर्षं घेतलीत?

ऐन वेळी नायक

नायिका चारचौघांत वाघीण, आणि अंधाऱ्या बोळात तीन गुंड आले की डोळे मिटून उभी. मग वरून नायकाची सावली. हे मी इतक्यांदा पाहिलंय की पान उलटण्याआधीच सावलीचा कोन सांगू शकते.

हिरो फुजिवारांची 'काइचो वा मेइड-सामा' २००५ ते २०१३ या काळात 'लाला'त आली. मला ती मनापासून आवडते. मिसाकी आयुझावा ही कालपरवापर्यंत फक्त मुलांची असलेल्या शाळेची विद्यार्थी-अध्यक्ष, आयकिदो ही जपानी युद्धकला येणारी, बापाने मागे ठेवलेल्या कर्जापायी मेड कॅफेत, म्हणजे मोलकरणीच्या पोशाखात वाढायच्या उपाहारगृहात, नोकरी करून घराला हातभार लावणारी. एवढी उभी केलेली मुलगी, आणि तरी नायक उसुई ऐन वेळी हजर होतो हे इतक्या वेळा घडतं की शेवटी मी पानं मोजू लागले. तिथे ते खपून जातं, कारण फुजिवारांनी मिसाकीला बाकी अठरा खंडभर कामात ठेवलंय: शाळेची भांडणं, घर, नोकरी, परीक्षा. तुमच्याकडे चोवीस पानं आहेत. त्यातली चार सुटकेत गेली तर वाचकाच्या मनात तीच चार राहणार.

माझा उपाय अगदी घरगुती आहे. नायकाला दोन पानं उशिरा पाठवा, एवढंच. तो येईपर्यंत ती काय करेल ते काढावंच लागतं. नव्वद टक्के मुलं म्हणतात, ती काहीच करू शकत नाही. मग मी विचारते, तिच्या पिशवीत काय आहे? तिला कुठली गल्ली माहीत आहे? कुणाचं दार वाजवेल? एका मुलीने शेवटी गुंडांना टाळायला नायिकेला चालू असलेल्या लग्नाच्या मांडवात घुसवलं आणि थेट पंगतीत बसवलं. शेजारची काकू तिच्या पानात वाढते आणि हळूच विचारते, "कुणाकडची गं तू?" नायक पोचतो तेव्हा ती जिलबी खातेय. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

नायक मदतीला आलाच तर तिने बोलावलं म्हणून यावा. आणि शिरायुकीकडे बघा: झेन दुसऱ्या राज्याचा राजपुत्र आहे, त्याच्या एका शब्दावर तिला राजवाड्यात जागा मिळाली असती. ती वनौषधी जाणणारी मुलगी आहे, परीक्षा देऊन दरबारी औषधी-विभागात उमेदवार म्हणून लागते. त्या परीक्षेमुळे पुढची सगळी प्रेमकथा ताठ मानेने चालते.

पटकन सांगण्यासारख्या काही

नायिका उंच दिसावी म्हणून नायकाला मठ्ठ करू नका. मठ्ठ माणसावर प्रेम करणारी मुलगी मोठी दिसत नाही.

चष्मा काढल्यावर सुंदर दिसणारी नायिका आता पुरे. तिला नीट दिसत नसेल, त्याचं काय?

बालपणी काहीतरी भयंकर घडल्याशिवाय मुलगी खंबीर होऊ शकत नाही, असं कुणी सांगितलं? माझी आई कुठल्याही आपत्तीविना खमकी होती.

सतत खालून वर बघणारा कोन, आवळलेल्या भुवया, वाऱ्यावर उडणारा स्कार्फ. तीन चौकटींनंतर डोळा मरतो. मी मुलांना नायिकेचे हात काढायला लावते. पान अडलं की हात काढा: कणिक मळताना, कुलूप उघडताना, मेसेज टाइप करून खोडताना. हातांवरून स्वभाव लगेच कळतो.

आणि तिला रडू द्या.

'मी बाकीच्या मुलींसारखी नाही'

हे वाक्य फुग्यात दिसलं की मी पेन्सिलीने फुली मारते. नायिका उठून दिसावी म्हणून वर्गातल्या बाकी सगळ्या मुली नटव्या, मत्सरी, कुचकट काढायच्या, हा आळशीपणा आहे. त्यात वाचणाऱ्या मुलीचाही अपमान आहे, कारण तीही कुणाच्या तरी गोष्टीत 'बाकीच्या मुली'च असते.

सुझुए मिउचींची 'गारासु नो कामेन' १९७६ पासून 'हाना तो युमे'मध्ये आली. माया किताजिमा: दिसायला साधी, अभ्यासात यथातथा, रंगमंचावर मात्र पेटणारी. तिची प्रतिस्पर्धी आयुमी हिमेकावा: सुंदर, श्रीमंत, नटीच्या पोटची, लहानपणापासून घडवलेली. आपल्या कुठल्याही मालिकेत आयुमी दुष्ट झाली असती. इथे ती मायाला मनातून ओळखते आणि तिची भीतीही बाळगते, कारण मायाचं मोल तिच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही. नोरिए नावाची मुलगी कारस्थान करून मायाला क्षेत्रातून उठवते, तेव्हा आयुमी काय करते? नोरिएसोबत एका रक्तपिपासू स्त्रीच्या नाटकात उभी राहते आणि निव्वळ अभिनयाने तिला रंगमंचावर पुसून टाकते. हे ती मायाला सांगत नाही. जिच्याशी बरोबरीने लढायचं आहे ती अशा लबाडीने बाद व्हावी, हे तिला सहनच होत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले होते. नायिका मोठी करायची तर तिच्यासमोर अशी दुसरी मुलगी उभी करा.

जबरदस्तीला प्रेम म्हणणं

मनगट पकडणं, भिंतीशी कोंडणं, 'नाही' म्हटल्यावर चुंबन. भिंतीवर हात आपटून मुलीला अडवण्याला जपानीत 'काबेदोन' म्हणतात. २०१४ साली हा शब्द तिथल्या वर्षभरातल्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत होता. माझ्याकडच्या मुलांना हे सगळं खंबीर नायिकेच्या गोष्टीतही हवं असतं. ती विरोध करते, मग विरघळते, आणि विरघळली म्हणजे प्रेम.

इथे मी सवलत देत नाही. 'हाना योरी दांगो'च्या सुरुवातीच्या भागांत दोम्योजी माकिनोवर जबरदस्ती करू पाहतो. आवडत्या कथेत आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही, ते त्या कथेतलं वाईट पान आहे, आणि मला ती कथा आवडते म्हणून हे स्पष्ट म्हणायची जबाबदारी माझ्यावर जास्त आहे. नववीतली मुलगी हे वाचते, दहावीतला मुलगा वाचतो. पुढची पंधरा पानं नायिका कितीही वाघीण काढलीत, तिचा 'नाही' जर खोटा ठरला तर तिचं काहीच खरं उरत नाही. गोष्टीला ताणच हवा असेल तर नायकाला थांबायला लावा. हात पुढे केलेला, मध्ये वीतभर अंतर, आणि तो थांबलाय. मग ती काय करते ते काढा. या वीतभर अंतराइतकं धडधडणारं दुसरं काही नाही, करून बघा.

हळू आवाजाची ताकद न दिसणं

कारुहो शीनांच्या 'किमी नि तोदोके'तली सावाको सुरुवातीला कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नाही. वर्ग तिला भुताच्या नावाने हाक मारतो. तिच्या दोन नव्या मैत्रिणींबद्दल घाणेरड्या अफवा पसरतात, तेव्हा हीच मुलगी मुलींच्या स्वच्छतागृहात त्या टोळक्यासमोर उभी राहते आणि बोललेलं मागे घ्या म्हणते. स्वतःबद्दल कुणी काही बोललं तर ती कधीच भांडली नसती.

नात्सुकी ताकायांच्या 'फ्रुट्स बास्केट'मधली तोहरू आई गेल्यावर तंबूत राहून शाळा आणि नोकरी सांभाळते आणि सगळ्यांशी अतिनम्र बोलते. वाचक तिला मवाळ म्हणून सोडून देतात. फार पुढे कळतं की ही नम्र बोली तिच्या वारलेल्या वडिलांची आहे. बाप गेल्यावर आईही आपल्याला सोडून जाईल या भीतीने लहानग्या तोहरूने ती उचलली, आईला धरून ठेवायला. बोलण्याच्या लकबीतून लेखिकेने एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवली आणि वाचक तिच्या रूपावरच थांबले.

यावरून भाषेचं. आमच्या नायिका खंबीर झाल्या की शिव्या देतात किंवा इंग्रजी बोलू लागतात. मराठीत तुमच्या हाताशी 'तुम्ही' आणि 'तू' आहे, 'अहो' आणि 'अरे' आहे. जपानी मांगात आडनावावरून नावावर येणं ही एका खंडाची घटना असते. माकिनो तर प्रेमात पडल्यावरही त्याला दोम्योजीच म्हणते. तुमची नायिका कुठल्या पानावर 'तुम्ही' सोडते, याचा विचार कुणीच करून येत नाही. पहिल्या पानापासून सगळे 'यार'.

प्रेमात पडली आणि काम विसरली

कबुलीच्या पानानंतर नायिकेची कबड्डी, तिचं दुकान, तिची परीक्षा, सगळं हवेत विरतं. योशिकी नाकामुरांची 'स्किप बीट' २००२ मध्ये सुरू झाली. क्योको एका मुलासाठी क्योतो सोडून तोक्योला येते, त्याचं भाडं भरायला दिवसभर राबते, आणि तो तिला मोलकरणीसारखी वापरत होता हे एक दिवस तिच्या कानावर पडतं. ती सूड घ्यायला अभिनयात उतरते आणि अभिनयातच स्वतःला सापडते. पुढे प्रेम येतं ते इतक्या सावकाश की माझ्याकडची मुलं चिडतात. मला तो सावकाशपणा हवासा वाटतो.

रियोको इकेदांच्या 'बेरुसाइयु नो बारा' या फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या कथेतली ऑस्करही आठवा. मुलगा म्हणून वाढवलेली, राणीच्या रक्षक दलाची अधिकारी. ज्याच्यावर जीव जडलाय त्या फेर्सनसाठी एकदाच झगा घालून नाचायला जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गणवेशात. स्वतः मागून घेऊन ती साध्या सैनिकांच्या तुकडीवर जाते, जिथे बाईचा हुकूम कुणाला मानायचा नसतो. लहानपणापासून सोबत असलेल्या आंद्रेवरचं प्रेम कळल्यावर ती घरी बसत नाही. १७८९ च्या जुलैत तुकडी घेऊन लोकांच्या बाजूला जाते आणि बॅस्टिलपाशी पडते. युमी तामुरांच्या 'बासारा'त सारासा मेलेल्या भावाचं नाव घेऊन बंड उभारते आणि जिच्यावर बंड उगारलंय त्या सत्तेच्याच राजावर, तो कोण हे न कळता, तिचं प्रेम बसतं. प्रेम आणि काम एकमेकांवर आदळतात आणि ती दोन्ही हातांनी दोन्ही धरून ठेवते. यात किती पानं निघतील बघा.

शेवटचं पान

दहातल्या आठ वह्यांत शेवटी अक्षता असतात. लग्नाला माझा विरोध नाही. पण अठरा वर्षांच्या मुलीच्या गोष्टीत ते येतं ते गोष्ट कुठे थांबवायची ते न सुचल्यामुळे. 'हाना योरी दांगो'त एवढ्या ३७ खंडांनंतर दोम्योजी चार वर्षांसाठी न्यूयॉर्कला जातो आणि माकिनो मागे राहते.

त्या कबड्डीवाल्या मुलीने मला तीन वेगवेगळे शेवट दाखवले. एकात लग्न, एकात सुवर्णपदक. तिसऱ्यात निवड चाचणीची सकाळ आहे. एसटी स्टँडवर नायक पाण्याची बाटली देतो, ती घेते, खिडकीत बसते. गाडी सुटताना तिला स्टँडच्या टोकाला सायकल लावून उभे असलेले अण्णा दिसतात, अंगावर अजून पीठ. ते हात हलवत नाहीत, तीही हलवत नाही. ती वाकून बुटाची नाडी घट्ट करते. मी तिला तोच शाईत कर म्हटलं.